कम्युनिटी कॉलेजात पॅनेल वायरिंगचा अभ्यासक्रम उभा करताना: बडोद्यातला अनुभव

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा सांगितला आणि म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे एखादा टेक्निकल कोर्स सुरू करायचाय. तुम्ही बघाल का?" मी तेव्हा बी.एस्सी.च्या वर्गांना फिजिक्स शिकवत होते. काय बघायचं, कुणाला विचारायचं, पहिला कागद कोणता, हे सांगणारं कुणी नव्हतं. आज आमच्याकडे पॅनेल वायरिंग (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या विजेच्या पेट्यांची जोडणी) आणि ऑटोमेशनचा संध्याकाळचा डिप्लोमा चालतो. मधली दोन-तीन वर्षं मी जी धडपड केली, त्यातली बरीचशी टाळता आली असती. तुमच्यावर हेच काम आलं असेल, तर पुढचं वाचा आणि ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे जवळच्या उद्योगांना लागणारं काम जवळच्या मुलामुलींना कमी फीमध्ये शिकवणारी व्यवस्था. अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये असं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. आपल्याकडे पुदुच्चेरीत १९९५ मध्ये सुरुवात झाली आणि यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१३ मध्ये कॉलेजांसाठी रीतसर योजना आणली. बडोद्याला मात्र ही कल्पना त्याच्याही कितीतरी आधीची आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि ते त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत तंत्र शिकवायचं, हा गज्जरांचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. पुढे कलाभवनातूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आकाराला आली. मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी ती इमारत बाहेरून का होईना दाखवते, कारण भाषेचा तो मुद्दा पुढे वर्गात रोज उपयोगी पडतो.

१. आधी कारखाने फिरा

विषय कॉलेजात बसून ठरवू नका. आमच्या पहिल्या बैठकीत "एआयचा कोर्स काढू", "रोबोटिक्स काढू" अशा सूचना आल्या. त्या वाईट नव्हत्या, पण बडोद्यात आज संध्याकाळी कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, याचं उत्तर त्या बैठकीत कुणाकडेच नव्हतं.

मी आणि एक सहकारी दर शनिवारी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत जाऊ लागलो. नंतर वाघोडिया आणि पोर इथल्या वसाहतींतही गेलो. बडोद्यात ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याची उपकरणं) आणि केमिकल प्लँटची कामं जुनी आहेत. त्यांच्याभोवती कंट्रोल पॅनेल बनवणारी लहान वर्कशॉपं वाढली आहेत, कुठे आठ माणसं तर कुठे वीस. मोठ्या कंपनीच्या एचआरने आम्हाला छान माहितीपत्रक दिलं. खरी माहिती या लहान शेडमध्ये मिळाली. एका मालकांना मी आमच्या प्रस्तावित प्रमाणपत्राबद्दल उत्साहाने सांगत होते. ते शांतपणे म्हणाले, "बेन, मारे सर्टिफिकेट नथी जोईतुं. ड्रॉइंग ने फेरूल वांचतां आवडे एवो छोकरो आपो." म्हणजे सर्टिफिकेट नको; ड्रॉइंग वाचून, प्रत्येक वायरवरचा फेरूल (टोकावरच्या नळीवरचा) नंबर जुळवून, वायरच्या टोकाला लग नीट दाबून बसवून म्हणजे क्रिम्प करून पॅनेल पूर्ण करणारं माणूस त्यांना हवं होतं. आमचा अभ्यासक्रम त्या वाक्यातून निघाला.

जाताना वही घेऊन जा आणि हे चार प्रश्न विचारा:

- गेल्या वर्षी किती जणांना कामावर घेतलं, किती टिकले?
- नवा माणूस आला की पहिल्या महिन्यात नेमकं काय चुकतं?
- सुरुवातीचा पगार किती देता, हातात किती पडतो?
- आमचा अभ्यासक्रम ठरवायला तुमचा एखादा कारागीर दोन दिवस पाठवाल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "हो, छान उपक्रम आहे" असं सगळेच म्हणतात. पण जो आपला कामाचा माणूस दोन दिवस सोडायला तयार होतो, तोच पुढे तुमची मुलं घेतो. आम्ही सत्तावीस दारं ठोठावली, नऊ जणांनी माणूस दिला. तेवढ्यांवर आम्ही उभे राहिलो.

जवळच्या आयटीआयमध्ये काय शिकवतात तेही पाहून या. इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे तिथले दोन वर्षांचे ट्रेड आहेत आणि त्यांची तयारी पक्की असते. तेच पुन्हा शिकवायला जाऊ नका. आम्ही आयटीआय झालेल्या मुलांनाही प्रवेश देतो, कारण पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा कारखान्यातला छोटा संगणक) आणि पॅनेलचं ड्रॉइंग हे त्यांना पुढचं पाऊल वाटतं.

२. अभ्यासक्रम कारागिरांकडून लिहून घ्या

यासाठी डॅकम नावाची पद्धत आहे. कॅनडा आणि अमेरिकेतल्या कॉलेजांत ती गेली कित्येक दशकं वापरली जाते. पाच ते बारा निष्णात कामगारांना दोन दिवस एका खोलीत बसवायचं आणि "तुम्ही दिवसभर काय काय करता?" एवढंच विचारायचं. प्रत्येक काम एका कार्डावर लिहायचं, कार्ड भिंतीवर चिकटवायचं, मग सगळ्यांनी मिळून त्यांचा क्रम लावायचा. प्राध्यापकांनी त्या दोन दिवसांत बोलायचं नाही. मला हे सगळ्यात अवघड गेलं.

आमच्या भिंतीवर पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नव्वदच्या वर कार्डं लागली. त्यात ओहमचा नियम एकाही कार्डावर नव्हता, पण "चॅनलमध्ये वायर टाकताना पुढच्या माणसाला दुरुस्तीसाठी लांबी सोडणे" हे होतं. "स्टार-डेल्टाचा टायमर लावताना मोटर कुठे बसणार आहे ते विचारणे" हेही होतं (स्टार-डेल्टा म्हणजे मोठी मोटर दोन टप्प्यांत सुरू करायची जोडणी). ओहमचा नियम आम्ही शिकवतोच, पण ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणारं उपकरण) सेट करायची वेळ येते तेव्हा. त्या दिवशी मुलांना तो लागतो, म्हणून लक्षात राहतो.

तिथे बोलली गेलेली भाषा जशीच्या तशी टिपून ठेवा. आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी गुजराती बोलतात, काही मराठी, काही हिंदी. ड्रॉइंग आणि मॅन्युअल इंग्रजीत असतं. म्हणून आम्ही समजावतो मिश्र भाषेत, पण वस्तूंची नावं वर्कशॉपमध्ये वापरतात तीच ठेवतो: कॉन्टॅक्टर, लग, ग्लँड, बसबार, टर्मिनल. कॉन्टॅक्टरला (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचला) कुणी "स्पर्शक" म्हणायला लागलं, तर मुलगा मकरपुऱ्यात गेल्यावर पहिल्याच दिवशी गोंधळेल.

३. कागदपत्रं

हा भाग रुक्ष आहे, पण इथेच एक वर्ष जातं. फाइलमध्ये हे असू द्या:

- संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव
- विद्यापीठाचं संलग्नता पत्र
- यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) कलमांखालच्या मान्यतेची पत्रं
- अभ्यास मंडळाने मंजूर केलेला अभ्यासक्रम
- उद्योगांबरोबरचे सामंजस्य करार, त्यांत किती विद्यार्थी किती आठवडे घेणार याचा आकडा
- प्रयोगशाळेचा नकाशा आणि परवानाधारक ठेकेदाराने दिलेला वायरिंग व अर्थिंगचा चाचणी अहवाल
- संस्थेची आयकर खात्याकडची करसवलतीची नोंदणी (देणगी मागायच्या वेळी लागते)

मोठा सापळा आहे क्रेडिटचा. यूजीसीच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटला ३० आणि एका वर्षाच्या डिप्लोमाला ६० क्रेडिट होते, त्यात साठ टक्के कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा भाग. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात हिशेब वेगळा आहे: वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास. कौशल्याच्या पातळ्याही आधी दहा होत्या, आता आठ आहेत. दुसऱ्या कॉलेजाचा जुना प्रस्ताव मिळाला की आपण तो समोर ठेवून लिहितो. मीही तेच केलं, आणि दोन वेगवेगळ्या हिशेबांची खिचडी झालेला आमचा प्रस्ताव परत आला. विद्यापीठ आत्ता कोणता आराखडा मानतं ते लेखी विचारा आणि मगच तक्ते भरा.

४. शिक्षक

अभ्यासक्रम टिकतो तो प्रयोगशाळेतल्या माणसावर. प्राध्यापक बदलला तरी चालतं. सुटे भाग कुठे आहेत, कोणत्या स्टेशनचा (सरावाच्या जागेचा) कॉन्टॅक्टर चिकटतो, कोणता मुलगा वायर सोलताना तांबं कापतो, हे ज्याला माहीत असतं तो प्रशिक्षक गेला की कोर्स सहा महिन्यांत ढासळतो.

आमचे प्रशिक्षक एका पॅनेल वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले काका आहेत. पदवी नाही, म्हणून त्यांना नेमायला अडचण आली. अशा वेळी अनुभवी कारागिराला मानधनावर "तज्ज्ञ प्रशिक्षक" म्हणून घेण्याची तरतूद अभ्यासक्रमाच्या नियमांतच लिहून मंजूर करून घ्या. नंतर अपवाद मागत बसलात तर प्रत्येक वर्षी नव्याने भांडावं लागतं.

मानधन वेळेवर द्या. पहिल्या वर्षी आमच्या पाहुण्या शिक्षकांचं बिल पाच महिने टेबलांवर फिरत राहिलं. त्यांतले दोघं पुन्हा आले नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. कारखान्यातून सुटून, घरी न जाता, सात वाजता वर्गात येणारा माणूस नुसता पैशांसाठी येत नाही, पण पैसे अडले की त्याला आपली किंमत कळते. आता आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तासांची वही सही करून लेखा विभागात स्वतः नेऊन देतो.

एका माणसाला सगळं येऊ देऊ नका. काकांच्या हाताखाली आम्ही दरवर्षी पास झालेल्यांपैकी एकाला सहायक म्हणून ठेवतो. ती एक वर्षाची नोकरी असते. त्यातून काकांचं ज्ञान पुढे जातं आणि काका गावी गेले तरी वर्ग बंद पडत नाही.

५. प्रयोगशाळा, आणि पीएलसी सगळ्यात शेवटी

माझी सगळ्यात महागडी चूक इथे झाली. अनुदान जानेवारीत आलं, ३१ मार्चपूर्वी खर्च करायचं होतं. आम्ही घाईत सहा चकचकीत पीएलसी किट घेतले. शिकवणारं कुणी नव्हतं, सॉफ्टवेअरचं लायसन्स एक वर्षाचं होतं, आणि ते संपेपर्यंत किट प्लॅस्टिकमध्येच होते. पैसे वाया गेले याचं दुःख आहेच, पण त्या वर्षीच्या मुलांना त्यातलं काहीच मिळालं नाही, हे जास्त लागतं.

आता क्रम असा ठेवतो. आधी हाताची अवजारं: वायर स्ट्रिपर, क्रिम्पिंग टूल, स्क्रूड्रायव्हरचा संच, मल्टिमीटर. प्रत्येक मुलाला स्वतःचा संच, वाटून नाही. मग स्टेशन. लोखंडी प्लेटवर डीआयएन रेल (उपकरणं अडकवायची पट्टी), एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच), तीन कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर, पुशबटणं, इंडिकेटर आणि टर्मिनल. एवढ्या सामानात डीओएल (मोटर थेट सुरू करणारा), फॉरवर्ड-रिव्हर्स (दोन्ही दिशांना फिरवणारा) आणि स्टार-डेल्टा, तिन्ही स्टार्टर होतात. दोन मुलांमागे एक स्टेशन, चोवीस जणांना बारा. त्यानंतर मोटरी, आणि सगळ्यात शेवटी पीएलसी.

पीएलसीचे पहिले धडे सिम्युलेटरवर होतात. कोडेसिस हे सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं, ओपनपीएलसीही आहे. लॅडर डायग्राम (पीएलसीचा प्रोग्राम लिहायची शिडीसारखी आकृती) हा मुलांना आधीच्या रिले वायरिंगचाच कागदावरचा भाऊ वाटला पाहिजे. फॉरवर्ड-रिव्हर्समध्ये एक कॉन्टॅक्टर लागलेला असताना दुसरा लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने इंटरलॉकची वायर टाकलेली असेल, तर लॅडरमधला नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) संपर्क त्यांना समजावून सांगावा लागत नाही.

सुरक्षिततेत तडजोड नको. पहिले सहा आठवडे फक्त २४ व्होल्ट डीसी. ४१५ व्होल्टच्या स्टेशनवर जाण्याआधी तोंडी परीक्षा: बंद करा, कुलूप लावा, मल्टिमीटरने तपासा, मगच हात. प्रत्येक स्टेशनला इमर्जन्सी बटण, पायाखाली रबरी मॅट, पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). एक धोका सांगून ठेवते. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावली की तिच्या गळतीच्या करंटमुळे हे आरसीसीबी वारंवार पडतं, आणि कुणीतरी वैतागून ते बायपास करून टाकतं. तसं कधीही होऊ देऊ नका. व्हीएफडीच्या टेबलाची वेगळी लाइन आणि तिला साजेसं संरक्षण परवानाधारक माणसाकडून आधीच करून घ्या.

आणि जागा पहिल्या मजल्यावर घ्या. आमची पहिली प्रयोगशाळा तळमजल्यावर होती, सामान चढवायला सोपं म्हणून. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली, तेव्हा खालच्या रांगेतले सगळे टर्मिनल आणि दोन मोटरी चिखलात गेल्या. मुलांनी आठ दिवस बसून एकेक कॉन्टॅक्टर उघडून धुतला, वाळवला, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासला. त्यातले बरेच वाचले, पण पुन्हा ती वेळ यायला नको.

खर्चाच्या वस्तूंची एक युक्ती काकांनी शिकवली. नवी वायर आधी स्टार-डेल्टाला द्यायची, तिथे लांब तुकडे लागतात. तेच तुकडे पुढच्या बॅचला फॉरवर्ड-रिव्हर्ससाठी, मग डीओएलसाठी, आणि उरलेले बोटभर तुकडे क्रिम्पिंगच्या सरावाला. आमचा वायरचा खर्च यामुळे जवळजवळ निम्म्यावर आला.

६. विद्यार्थी कुठून आणायचे

जाहिरातीने आमच्याकडे कुणी फारसं आलं नाही. गणपतीत मात्र आले. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या मंडळांत मंडपाची वायरिंग करणारी पोरं असतात. हात तयार असतो, भीती नसते, आणि सुरक्षिततेची माहितीही नसते. एका वर्षी आमच्या मुलांनी काही मंडळांचं अर्थिंग तपासून दिलं आणि मंडपांना आरसीसीबी लावून दिले. त्यानंतर जानेवारीच्या बॅचला त्याच मंडपांतून सात जण आले.

मुलींसाठी आईशी बोला. "पोरीला फॅक्टरीत पाठवायची?" हा प्रश्न येतोच. मी आयांना थेट एका वर्कशॉपमध्ये घेऊन जाते, जिथे दोन मुली टेबलावर पॅनेल जोडत असतात. शौचालय आहे का, सुटायची वेळ काय, बस कुठून मिळते, हे त्या स्वतः विचारतात. उत्तरं समाधानकारक नसतील तर त्या वर्कशॉपमध्ये मुलगी पाठवू नका.

पगार फुगवून सांगू नका. वहीतला पहिल्या पायरीचा आकडा आहे तसा सांगा.

७. कारखान्यातलं प्रशिक्षण

अप्रेंटिस कायद्यानुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. मकरपुऱ्यातली आपल्या कामाची वर्कशॉपं बहुतेक दुसऱ्या गटात येतात. त्यांना कायद्याने बांधता येत नाही, फायदा दाखवावा लागतो. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलतं. पोर्टलवर नोंदणी करणं लहान मालकांना जमत नाही, म्हणून टाळतात. आमचा सहायक त्यांच्याकडे जाऊन नोंदणी करून देतो. दोन तासांचं काम आहे.

मुलाला पाठवल्यावर विसरू नका. पंधरा दिवसांनी जाऊन पाहा. एका ठिकाणी आमचा मुलगा महिनाभर फक्त सामान उचलत होता आणि संकोचाने बोलला नव्हता. आम्ही त्याला तिथून काढलं आणि पुढे तिथे कुणाला पाठवलं नाही.

८. पैसा

अनुदान इमारतीला आणि यंत्रांना मिळतं. लग, फेरूल, वायर, जळलेला टायमर, काकांचं मानधन यांना मिळत नाही. पहिल्याच वर्षी कॉलेजच्या अंदाजपत्रकात "वर्कशॉप साहित्य" असं वेगळं खातं उघडून घ्या आणि फीमधला ठरावीक भाग त्यात जाईल असा ठराव करून घ्या. तोंडी आश्वासन प्राचार्य बदलले की संपतं.

कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यात कौशल्य शिक्षण बसतं. तुमच्या संस्थेने सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी केलेली हवी. पैसे मागताना "प्रयोगशाळा द्या" म्हणू नका. "वीस मुलींची एक वर्षाची फी आणि अवजारं द्या" म्हणा, आणि त्या कुठे लागल्या याचा कागद वर्षअखेरीस नेऊन द्या. आमच्याकडे पुन्हा देणारे सगळे याच कागदामुळे पुन्हा देतात.

जुनी यंत्रं आनंदाने स्वीकारण्याआधी पाहून घ्या. एकदा आम्हाला ट्रकभर जुने ड्राइव्ह मिळाले, त्यांचे सुटे भाग बाजारात नव्हते. कॉलेजच्या डेड स्टॉक (कायम वस्तूंच्या) रजिस्टरमध्ये चढले की ते काढायलाही दोन वर्षं लागतात.

९. दरवर्षी एकदा

टेक्सासमधल्या कॉलिन कॉलेजने रूढ केलेली एक रीत आम्ही उचलली आहे. अभ्यासक्रमातल्या प्रत्येक कौशल्याची यादी करायची आणि उद्योगातल्या मंडळींनी प्रत्येकाला एक ते चार गुण द्यायचे. नऊ वर्कशॉपचे मालक आणि त्यांचे फोरमन मे महिन्यात एका दुपारी येतात, आम्ही पुरणपोळीचं जेवण ठेवतो, आणि ते गुण देतात. सलग दोन वर्षं कमी गुण मिळालेलं शिकवणं बंद होतं. मागच्या खेपेला "ड्राइव्हचे पॅरामीटर भरणे" वर गेलं, आणि मला प्रिय असलेला एक फिजिक्सचा प्रयोग खाली गेला. तो आम्ही काढला.

शेवटी एक फाइल बनवा, तुमच्यानंतर येणाऱ्यासाठी. त्यात नऊ वर्कशॉपचे पत्ते आणि तिथल्या फोरमनची नावं, प्रत्येक मुलगा-मुलगी आज कुठे आहे त्याची यादी, लायसन्स संपण्याच्या तारखा, स्टेशनवार सुटे भाग, ठरावांच्या प्रती आणि कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते लिहा. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर काकांच्या अक्षरात बारा स्टेशनांचा नकाशा आहे. सात नंबरच्या स्टेशनपुढे त्यांनी लिहिलंय: "टायमर उशिरा सोडतो, मुलांना आधी सांगा."